अठरा छर्रे

मिस्त्रीचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर एक बाई बसल्या होत्या आणि त्यांचं मीटर बिघडणं कसं शक्यच नाही हे मी त्यांना समजावून सांगत होतो. पाण्याच्या खात्यात एकतीस वर्षं काढली की हे वाक्य झोपेतसुद्धा म्हणता येतं: मीटर बरोबर आहे, तुमच्याच घरात कुठेतरी गळत असणार. बाई ऐकायला तयार नव्हत्या. "अहो, महिनाभर घर बंद होतं, गळायला घरात होतं कोण?" त्या म्हणाल्या. मी समजूतदार चेहरा करून मान डोलावली आणि फोन कानाला लावला. "साहेब, हँडल उघडलंय," मिस्त्री म्हणाला. "खालच्या वाटीत एक छर्रा कमी निघाला. येऊन एकदा बघून जा." त्याच्या आवाजात काहीच नव्हतं, पावसाचा अंदाज सांगावा तसा तो सांगत होता. पण माझे कान असे तापले की बाईंना ते लाल झालेले दिसत असणार असं मला वाटलं. मी त्यांना म्हणालो, "अर्ज ठेवून जा, बघतो." त्या माझ्याकडे संशयाने बघत उठल्या. इतका वेळ भांडत असलेला माणूस एकाएकी मऊ पडला की समोरच्याला संशय येणारच.

ज्यांनी कधी मोटरसायकल उघडलेली पाहिली नाही त्यांना सांगतो. हँडल ज्या दांड्यावर फिरतं त्याला वर एक आणि खाली एक अशा दोन लोखंडी वाट्या असतात. प्रत्येक वाटीत ग्रीस भरून त्यात पोलादी गोळ्या कडेकडेने बसवलेल्या असतात. त्या गोळ्यांना छर्रे म्हणतात. एक छर्रा मिरीच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा असतो. आमच्या गाडीला वर एकोणीस लागतात आणि खाली एकोणीस. वरून एक गोल नट कसायचा असतो, फार घट्ट नाही, फार सैल नाही. हे सगळं मी लोकांना फार छान समजावून सांगतो. गाडीने एक लाख त्र्याऐंशी हजार किलोमीटर पुरे केलेत आणि त्यातले निदान दीड लाख मी एकट्याने केलेत. सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावून मी माझ्या प्रवासांचे फोटो दाखवलेत. ऑफिसात मला 'प्रवासी' म्हणतात. आणि या तीस वर्षांत जितक्या मिस्त्र्यांकडे गाडी दिली तितक्यांना मी एकच गोष्ट बजावून सांगितली: बाकी काय वाटेल ते करा, हँडलला हात लावायचा नाही, ते माझं मी बघतो. लोकांना वाटायचं, बुवा फार बारकाईचा माणूस आहे.

या वेळीही मी हेच सांगितलं होतं. चेन बदला, चाकाच्या चक्राचे दात हुकांसारखे वाकलेत तेही बदला, पुढचे दांडे घासलेत, मागचे बुश ढिले झालेत, क्लचच्या पट्ट्या जळल्यात, सगळं करा. गाडी धाकट्या बहिणीला द्यायची आहे. कंबरेच्या डॉक्टरांनी मला दुचाकी बंद करायला सांगितली आणि मी ती विकायचं बोलायला लागलो तेव्हा तिचा फोन आला. "दादा, विकणारच आहेस तर मला दे ना." मला आधी चेष्टाच वाटली. त्रेपन्न वर्षांची बाई, मुलगी नोकरीला नऊशे किलोमीटरवर, आणि हिला तिच्याकडे मोटरसायकलवरून जायचंय. पण तिने लायसन नवं करून घेतलं होतं. दोन महिने शेजाऱ्याच्या गाडीवर हात बसवला होता आणि मला अवाक्षर सांगितलं नव्हतं. मागच्या रविवारी ती येऊन आमच्या गाडीवर नुसती बसली, हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे नेलं आणि म्हणाली, "मधे अडकतंय." मी म्हणालो, "जुनी गाडी आहे." तिने हँडल पुन्हा एकदा तसंच नेऊन पाहिलं. मग तिने परस्पर मिस्त्रीला फोन करून सांगितलं असणार की हँडल उघडा. हे मला फोनवरचं ते एक वाक्य ऐकताक्षणी कळलं होतं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. टेबलाचा खालचा खण उघडला आणि जुन्या पावतीपुस्तकांच्या मागून फोटोच्या रोलची काळी डबी काढून खिशात टाकली. ती घरी ठेवता येत नाही, कारण बायकोला वर्षातून दोनदा घर उपसायची हौस आहे. जिना उतरताना डबीतला छर्रा वाजत होता. टिक, टिक. शिपाई म्हणाला, "साहेब, गोळ्या वाटतं?" मी हो म्हणालो. छप्पन्नाव्या वर्षी खिशात गोळ्यांची डबी असणं अगदी साहजिक आहे, कोणी अधिक विचारत नाही.

डबी आहे तेव्हाचीच. मी सव्वीस वर्षांचा होतो, धाकटी तेवीसची. गाडी बाबांची होती आणि ती आम्हा दोघांना सारखी वापरायला होती, निदान बाबांच्या हिशेबी. माझ्या हिशेबी ती माझी होती, कारण तिची देखभाल मी करायचो. शनिवार होता. मी गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून हँडलचे छर्रे रॉकेलमध्ये धुवायला काढले होते. आम्ही तळमजल्यावर राहायचो, गाडी गॅलरीला लागूनच उभी होती. धाकटी हेल्मेट काखेत धरून दारात उभी. "झालं का?" दर पाच मिनिटांनी. "दादा, झालं का?" तिला मैत्रिणीकडे घाटापलीकडे जायचं होतं आणि बाबांनी सकाळी चहा पिताना हो म्हटलं होतं. मला न विचारता. मला त्या दिवशी कुठे जायचं होतं? कुठेही नाही. पण गाडी माझ्या हातात उघडी असताना कोणीतरी तिची वेळ ठरवून टाकली याचा मला राग आला होता. शिवाय आठवड्यापूर्वीची एक गोष्ट पोटात होती. बाबांचे मित्र आले होते आणि बाबा त्यांना कौतुकाने म्हणाले होते, "गाडी चालवावी तर हिने. हा नुसती मूठ पिळतो." सगळे हसले. मीही हसलो. हसताना गालाचे स्नायू दुखतात हे मला त्या दिवशी कळलं.

एक छर्रा हातातून निसटला. फरशीवर टणटण उड्या मारत गेला आणि गेलाच. मी गुडघ्यांवर बसून कुंड्यांमागे शोधला. "काय शोधतोयस?" ती म्हणाली. "काही नाही," मी म्हणालो. खालच्या वाटीत अठरा बसवले, ग्रीस थापलं, दांडा वर घातला, नट फिरवला. तिने चौथ्यांदा "झालं का?" म्हटलं आणि मी पाना खाली ठेवून म्हणालो, "झालं, घे, जा एकदाची." ती जाताना हसून हात हलवून गेली. छर्रा चार महिन्यांनी सरकत्या दाराच्या खाचेत सापडला, केर काढताना. तोवर तिच्या मनगटाचं प्लास्टर निघालेलंही होतं.

मिस्त्रीचं दुकान बेकरीच्या मागच्या गल्लीत आहे. आत शिरलं की पावाचा आणि जळक्या तेलाचा वास एकत्र येतो. तो माणूस शांत आहे, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवतो आणि त्याची एक पद्धत आहे. गाडीतून काढलेली प्रत्येक लहान वस्तू तो पांढऱ्या कापडावर काढल्या क्रमाने मांडतो आणि गिऱ्हाइकासमोर मोजतो. नुसता स्वतः मोजत नाही, गिऱ्हाइकाला मोजायला लावतो. मोजेपर्यंत रेडिओसुद्धा बंद. मला ही पद्धत नेहमी आवडत आलेली आहे, मी ती चार लोकांना सांगितलेली आहे. आज गाडीचं पुढचं चाक नव्हतं, हँडल बाजूला लटकत होतं आणि दांड्याच्या जागी एक भोक दिसत होतं. तीस वर्षं जिथे कोणाला बघू दिलं नाही ती जागा अशी उघड्यावर, गल्लीतून जाणाऱ्या कोणालाही दिसेल अशी. मला वाटलं, वर काहीतरी फडकं टाकावं.

"मोजा," मिस्त्री म्हणाला. वरचे मोजले, एकोणीस. मग खालचे. मी बोट ठेवत मोजू लागलो. त्याने मला मोठ्याने मोजायला लावलं, कारण मनात मोजलेलं तो धरत नाही. पंधरा, सोळा, सतरा, अठरा. पुढे कापड होतं. मी बोट तिथेच ठेवलं. "बघा," तो म्हणाला आणि वाटी उजेडात धरली. "गाडी सरळ रस्त्याने फार चाललीय साहेब. छर्रे एकाच जागी बसून बसून खड्डे पडलेत, म्हणून हँडल मधे अडकतं. ते ठीक आहे, एवढ्या वापरात व्हायचंच. पण हे खड्डे एकसारखे नाहीत, बघा. जागा मोकळी राहिली की बाकीचे इकडेतिकडे सरकतात." त्याने वाटी माझ्या हातात दिली. खड्ड्यांवरून मी नख फिरवलं. माझे सगळे प्रवास त्यात होते, समुद्र, वाळवंट, सात राज्यं, हॉलमध्ये दाखवलेले सगळे फोटो. लोकांना वाटायचं याला हिंडायची हौस. हौस होती, नाही असं नाही. पण दर मोठ्या प्रवासात, रस्ता रिकामा सापडला की मी गाडी शंभरच्या वर न्यायचो आणि हँडलवरची मूठ किंचित सैल सोडून बघायचो. हलतं का? नाही हलत. बघा, अठरा छर्‍यांवर दीड लाख किलोमीटर, आणि एकदाही नाही हललं. मी कोणाला बघा म्हणत होतो कोण जाणे, गाडीवर तर मी एकटाच असायचो. एक छर्रा घालून टाकायला अर्धा दिवस पुरला असता. पण तो घातला असता तर तो नव्हता हे खरं झालं असतं.

मी खिशातून डबी काढली आणि छर्रा कापडावर ठेवला. अठरा काळवंडलेले, चावल्यासारखे झालेले, आणि त्यांच्या शेवटी हा एक कोरा करकरीत. मिस्त्रीने चष्मा लावला, छर्‍याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "त्याच सेटातला आहे," तो म्हणाला. बराच वेळ तो ग्रीस पुसत राहिला. मी विचारलं, "मिस्त्री, यामुळे कोणी पडू शकतं?" प्रश्न अगदी सहज विचारल्यासारखा आला, सराव केल्यासारखा. सराव तीस वर्षांचा होता. तो हसला. "एका छर्‍याने? छे हो. एका छर्‍याने कोणी पडत नाही. दोन कमी असले तरी गाडी वर्षानुवर्षं चालते. तुमचीच बघा ना."

जीव भांड्यात पडला. खरंच पडला, मी तिथल्या स्टुलावर बसलो, गल्लीत कोणीतरी पाव घेऊन जात होतं त्याच्याकडे बघून उगाचच हसलो. तीस वर्षांची डबी. धाकटीला सांगून टाकू, आजच सांगू, दोघं हसू, असंसुद्धा मनात आलं. मिस्त्री आता वरची वाटी ठोकून काढत होता आणि त्याचं वाक्य अजून पुरं झालेलं नव्हतं. "नट सैल असता तर गोष्ट वेगळी," तो म्हणाला. "नट सैल राहिला तर मात्र सत्तरच्या पुढे हँडल असं थरथरतं की पैलवानालाही धरवत नाही."

ते मला माहीत होतं. मी विसरलो होतो असं म्हणणार नाही, तेवढा लबाड मी नाही. किंवा त्याहून जास्त लबाड आहे. मी ते छर्‍याच्या मागे ठेवलं होतं. मनाला टोचणी लागली की मी डबी काढायचो, छर्रा तळहातावर फिरवायचो, स्वतःला दोष द्यायचो आणि डबी बंद करायचो. छर्रा निसटला होता, तो काही मी फेकला नव्हता. असा दोष माणूस आयुष्यभर जवळ बाळगू शकतो, त्याचा त्रास होतो पण त्याने तोंड काळं होत नाही. दुसरी गोष्ट मात्र हातांनी केलेली होती.

त्या शनिवारी दुपारी फोन आला आणि आई तोंडावर हात ठेवून खाली बसली, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. ती जिवंत आहे, हात मोडलाय, एवढं कळलं. आणि लगेच, भीती वाटायच्या आधी, काळजी वाटायच्या आधी, मला बरं वाटलं. क्षणभरच. चालवावी तर हिने, नाही का. मग भीती आली, तिच्यामागून सगळं रीतसर आलं, मी हॉस्पिटलात धावलो, रक्त लागेल का विचारलं. ती पलंगावर होती, हात फळीला बांधलेला, हनुवटी खरचटलेली, आणि येईल त्याला सांगत होती, "हँडल हललं. मी काही नाही केलं, हँडलच हललं." डॉक्टरांना, नर्सला, बाबांना. बाबा मला म्हणाले, "गाडी घेऊन ये, बघू." मी टेंपोतून गाडी आणली. बाबा अजून बस पकडून यायचे होते. गाडी गॅलरीशी उभी केली, पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढेमागे केलं. खट्. पुन्हा केलं. खट्. नट सैल होता. मी कसलाच नव्हता, नुसता बोटांनी फिरवून ठेवला होता, आणि मग ती चौथ्यांदा "झालं का?" म्हणाली होती. पाना जिथे ठेवला होता तिथेच कुंडीपाशी पडलेला होता. मी तो उचलला आणि नट पाव फेरा फिरवला. पाव फेऱ्याला किती वेळ लागतो? दाराची कडी लावायला लागतो तेवढा. मग हात धुतले. बाबा आले, त्यांनी खाली वाकून हँडल हलवलं, पुन्हा हलवलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "दोष होता का रे काही?" मी म्हणालो, "नाही बाबा. गाडी ठणठणीत आहे." बाबांनी किल्ली खिशातून काढली आणि माझ्या हातात दिली. "आता तुझ्याकडेच ठेव."

पुढचं सगळं हसण्यावारी गेलं. काकांनी पहिल्यांदा म्हटलं, तिच्या हातून दूध उतू गेलं तेव्हा: "काय गं, हँडल हललं का?" घर हसलं. त्यानंतर तो आमच्या घरचा शब्दच झाला. परीक्षेत कमी गुण पडले, हँडल हललं. लग्नाच्या फोटोत मान वाकडी आली, हँडल हललं. आई तर अजून म्हणते, ऐंशी पार केलेत तिने. आणि मी सगळ्यात जास्त वेळा म्हटलंय, कारण मी म्हटलं नसतं तर कोणाच्या लक्षात आलं असतं असं मला वाटायचं. तिने नोकरी सोडली तेव्हासुद्धा. तिचा साहेब तिला सगळ्यांसमोर वाटेल ते बोलला होता, ती आमच्याकडे येऊन बसली होती, डोळे सुजलेले, डाव्या मनगटाला आधार देत दोन्ही हातांनी कप धरून. आणि मी, बातमी ऐकून गप्प बसता येईना म्हणून, म्हणालो, "काय, हँडल हललं वाटतं?" ती हसली. ती दर वेळी हसायची. बाबा शेवटच्या आजारात तिला म्हणाले होते, "तू फार छान चालवायचीस गं. एकदाच चुकलीस." तेव्हा मी पलंगाशी औषधाचं टोपण हातात धरून उभा होतो. दोघंच होती तिथे आणि मी. त्याहून सोपी वेळ मला आयुष्यात मिळणार नव्हती. मी म्हणालो, "बाबा, आ करा."

ती चार वाजता आली. कापडी पिशवीत नवं हेल्मेट, अजून प्लॅस्टिकमध्ये. "अरे, तू इथे? ऑफिस बुडवलंस?" मी म्हणालो, अर्धा दिवस टाकलाय. मिस्त्रीने नवे बेअरिंग बसवलेले होते, गोळ्यांऐवजी रुळांचे, एकसंध. "यात मोजायचं काही नाही ताई," तो तिला दाखवत होता, "निसटायलाही काही नाही." ती वाकून सगळं बघत होती, प्रश्न विचारत होती, आणि प्रश्न चांगले होते, माझ्यापेक्षा चांगले. मग त्याने तिला गाडीवर बसवलं आणि क्लचचा दांडा तिच्या हाताच्या मापाने जवळ घ्यायला लागला. "डावा हात पूर्ण वळत नाही का?" त्याने विचारलं. "नाही. जुनं आहे ते," ती म्हणाली. "याच गाडीवरून पडले होते." आणि मग, मी तिथे आहे म्हणून, मला बरं वाटावं म्हणून असेल, किंवा नुसत्या सवयीने, ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाली, "हँडल हललं!"

मिस्त्रीला आमचा विनोद ठाऊक नव्हता. तो मान खाली घालून स्क्रू फिरवत म्हणाला, "हललं असेल की."

ती हसत होती, तिचं हसू तसंच राहिलं आणि डोळ्यांतून आधी गेलं. "काय म्हणालात?"

"हललं असेल ना ताई. त्यात काय. आता नाही हलायचं."

तीस वर्षांत तिला हे पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं. तिने गाडीवरून पाय खाली घेतला. कापडावर अजून जुने छर्रे मांडलेले होते, अठरा काळे आणि एक कोरा. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी म्हणालो, "एक माझ्या हातून निसटला होता. त्या दिवशी. मी अठराच बसवले. तुला सांगितलं नाही." आवाज बरा आला. ती जवळ आली, कोरा छर्रा उचलून तळहातावर घेतला. "हा? एवढासा?" "हो." "आणि तू हा जपून ठेवलास? इतकी वर्षं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझ्या दंडावर चापट मारली. "वेडा आहेस का दादा? एका छर्‍यासाठी जीव जाळत बसलास? मला सांगायचं नाही?" म्हणजे मला माफी मिळालेली होती. मागायच्या आधीच मिळालेली होती, आणि आता तिथून नुसतं घरी जायचं होतं. मिस्त्री पाठ करून पाने पुसायला लागला. त्याला कळलेलं होतं असं मला वाटतं, पण तो काही बोलणार नव्हता, त्याचं काम मोजायचं होतं.

"छर्‍याने नाही पडलीस तू," मी म्हणालो. "एका छर्‍याने कोणी पडत नाही. नट सैल होता. मी कसला नव्हता. तू घाई करत होतीस म्हणून नाही, मला राग आला होता म्हणून. आणि गाडी टेंपोतून आणली तेव्हा, बाबा यायच्या आधी, मी तो कसून ठेवला."

तिला ते जुळवायला थोडा वेळ लागला. मी बघत होतो, ती एकेक गोष्ट जागेवर लावत होती. "म्हणजे बाबांनी हलवून पाहिलं तेव्हा..."

"हो."

"आणि तू तिथे उभा होतास."

"हो."

मला वाटलं ती रडेल, ओरडेल, निघून जाईल. यातलं काहीही चाललं असतं, कशालाही मी तोंड दिलं असतं. ती स्टुलावर बसली आणि उजव्या हाताने डावं मनगट धरून ते जेवढं वळतं तेवढं वळवून बघत राहिली. बेकरीत कोणीतरी पत्र्याचे ट्रे आपटत होतं. "मला खरं वाटायला लागलं होतं," ती म्हणाली, "की मीच काहीतरी केलं असणार. पहिल्या वर्षी मी शपथेवर सांगितलं असतं की हललं. मग तुम्ही सगळे इतकं हसलात, इतकी वर्षं, की मला हातात ते जाणवायचंच बंद झालं. मुलीला सायकल शिकवायची वेळ आली तर मी म्हटलं, तिला तिचे बाबा शिकवतील. माझ्याच्याने नको." मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. "तू थांब," ती म्हणाली. एवढ्या हळू की मिस्त्रीचा पुसणारा हात थांबला.

मग ती उठली. छर्रा तिने कापडावर, त्या अठरांच्या शेवटी, जागेवर ठेवून दिला. "आईला फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ता. इथूनच. आणि मोठ्याने बोल, तिला ऐकू येत नाही."

"घरी जाऊन सांगतो ना मी. नीट, समोर बसून..."

"दादा," ती म्हणाली, "फोन लाव."

मी फोन लावला. तिने हात पुढे करून स्पीकरचं बटण दाबलं आणि फोन माझ्याच हातात राहू दिला. बऱ्याच वेळाने आईने उचलला. "कोण?" मी म्हणालो, "आई, मी." "कोण?" "मी गं, दादा!" गल्लीतला पाववाला वळून बघायला लागला. दुकानात दुसरं एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं, हातात पंक्चर ट्यूब. मी ओरडून म्हणालो, "आई, धाकटी पडली होती ना गाडीवरून, तेव्हा हँडल हललं होतं!"

"काय हललं?"

"हँडल! हँडल हललं होतं, आई! खरंच हललं होतं!"

पलीकडे आई हसायला लागली. तिचं ते जुनं, खोकल्यात संपणारं हसू, आम्ही लहान असल्यापासूनचं. सगळ्या दुकानात ते ऐकू गेलं. "पुरे रे आता मेल्या," आई म्हणाली, "किती वर्षं चिडवशील त्या पोरीला?"

मी धाकटीकडे पाहिलं. ती हसली नाही. माझ्या आठवणीत ती न हसलेली ही पहिलीच वेळ. तिने हाताने खूण केली, पुढे.

"चेष्टा नाही आई," मी ओरडलो, "ऐक. नट मी कसला नव्हता."

"कोण रुसला नव्हता?"

"नट, आई! हँडलचा नट! मी सैल ठेवला होता!" माझा आवाज फाटला. पाववाला, ट्यूबवाला, मिस्त्री, सगळे ऐकत होते. आई म्हणाली, तिला नीट ऐकू येत नाहीये, पहिल्यापासून सांग. मी फोन तोंडाजवळ धरला आणि गॅलरीपासून सुरुवात केली.